अकरा डॉलर बेचाळीस सेंट

पाकिटं मी ओव्हनखालच्या खणात ठेवायचे,
केकच्या साच्यांखाली.
तो खण कॅझ कधी उघडत नाही.
न उघडलेलं पाकीट म्हणजे न आलेलं पाकीट,
असा माझा हिशोब.

मोठं काही घेतलं नव्हतं, खरंच.
गाडीचे दोन टायर. एक दाढ.
रोझलिनला शाळेच्या नाचासाठी हिरवा झगा.
कॅझचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
घर तापवायच्या यंत्राचा पंखा.
आणि एका गुरुवारी, चूल पेटवायचा कंटाळा आला म्हणून, पिझ्झा.
तो पिझ्झा आम्ही अर्ध्या तासात संपवला
आणि सहा वर्षं फेडत होतो.

चार कार्डं. सतरा हजार नऊशे साठ.
किमान रक्कम भरायची, न चुकता,
आणि मुद्दल जागचं हलायचं नाही.
आमच्या एरी गावात सरोवरावरून बर्फ येतं तसं:
पहाटे फाटकापर्यंत वाट काढावी,
मुलांना शाळेत सोडून बस लावून घरी यावं,
तर फावडं कुठे टेकवलं होतं तेही दिसू नये.

ओडम बाई दर मंगळवारी चर्चच्या तळघरात बसतात.
त्यांच्यासमोर मी किराण्याची पिशवी पालथी केली.
वाटलं, आता कपाळाला हात लावतील.
त्यांनी लोण्याची सुरी घेतली
आणि मटार सोलावेत तशी
एकेक पाकीट फोडत गेल्या.
"सगळ्यात लहान कुठलं?"
"सोफ्याच्या दुकानाचं. सहाशे बारा."
"मग आधी त्याला घालवू.
घरी माहीत आहे?"
मी खिडकीबाहेर बघायला मान वळवली.
तळघराला खिडकी नव्हती.

कॅझला सांगितलं ते गाडी धुवायच्या बोगद्यात,
दोन्हीकडून ब्रश फिरत असताना,
कारण तिथून कुणाला दार आपटून जाता येत नाही.
काचेवरून साबण ओघळत राहिला.
तो पुढे बघत होता. पुढे काहीच दिसत नव्हतं.
मग म्हणाला, "माझंही एक आहे."

पाच कार्डं.

त्यानंतरची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
शनिवारी सामन्यांच्या जादा फेऱ्या:
मुलं आत हरायची, जिंकायची,
मी बाहेर बसमध्ये, मांडीवर कोट, थर्मॉसची कॉफी.
कुणी बारशाला बोलावलं तर आमची तब्येत बरी नसायची.
कॅझने होडी विकली,
घेणाऱ्याला मासे कुठे लागतात तेही दाखवून आला;
त्याचे पैसे लावले नाहीत.
एकदा आम्ही चीजवरून भांडलो.
चीजवरून, रात्री अकरा वाजता,
दोन माणसं, बासष्ट आणि एकोणसाठ वर्षांची.

शेवटचा हप्ता मी फोनवरून भरला.
यंत्रातली बाई म्हणाली, आभारी आहोत,
आणखी काही मदत करू का?
मी म्हटलं, नको, बाई.
तिला ते कळलं नाही. तिने परत विचारलं.

मग जुनी खाती बंद केली
तर माझी पत चौदा गुणांनी घसरली.
गळ्यापर्यंत बुडाले होते तेव्हा मी पतवाली बाई होते.
ओडम बाई खूप हसल्या, डोळे पुसेपर्यंत.

आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एक पाकीट.
बिल निघालं तो दिवस आणि पैसे पोचले तो दिवस,
त्या दोहोंमधल्या दिवसांचं व्याज:
अकरा डॉलर बेचाळीस सेंट.
गुडघाभर बर्फात, टपालपेटीपाशी उभी राहून,
हातमोजा दातांनी ओढून काढून
मी ते तिथेच फोडलं.
पूर्ण वाचलं. मागची बारीक अक्षरंसुद्धा.

खणात आता साचेच आहेत.
गोल साच्याला गंज चढलाय.
कॅझ म्हणाला, नवा घेऊ या.
बघू, म्हटलं.
पगार होऊ दे.